गुंडी आडवी निघते

गुंडी पहिल्यांदा रांगली तेव्हा घरात टाळ्या वाजल्या, नातेवाइकांना फोन गेले, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की ती ज्या खुळखुळ्यासाठी निघाली होती तिकडे गेलेलीच नाही. खुळखुळा समोर होता. गुंडी बघत होती समोर, हसत होती समोर, लाळही समोरच गळत होती, आणि जात मात्र होती डावीकडे. सरकती खिडकी सरकावी तशी, सुळकन. शेवटी ती भिंतीला लागली आणि तिथून त्या खुळखुळ्याकडे अशा आपुलकीनं बघत राहिली, की जणू गाडी सुटलीय आणि नातेवाईक फलाटावर राहिलाय.

"डावखुरी असेल," गुंडीचा बाबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती उजवीकडे गेली. बाबानं मग मत देणं काही काळ बंद ठेवलं.

खरं तर यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मूल हलतंय, हसतंय, हाताला लागेल ते तोंडात घालतंय. दहा महिन्यांच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची? पण गुंडीच्या आईला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांचे पडलेले दात परत करण्याचं काम. मेणात दात कोरायचा, शेजारच्या दाताशी त्याची ओळख करून द्यायची, वरच्या-खालच्याचं पटतंय का बघायचं. पुढचे दात करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतः सांगत नसे, लॅबचे मालक सांगत. खिडकीजवळचं टेबल तिचं होतं. त्यावर वाकवता येणारा दिवा, तिची कोरणी, तिचा छोटा बर्नर. बाळंतपणाच्या रजेवर असताना एकदा ती गुंडीला घेऊन लॅबमध्ये जाऊन आली, तेव्हा तिच्या टेबलावर, बरोबर मधोमध, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मनीप्लांटची बाटली ठेवलेली होती. "उजेड चांगला येतो ना इथे," शेजारची बाई म्हणाली होती. गोड हसून. त्या बाटलीनं गुंडीच्या आईची झोप उडवली होती. गुंडीनं उडवल्यावर जी थोडी उरली होती ती.

मालकांचा परवाच फोन आला होता. "बाई, तुमची जागा मी धरून ठेवलीय. पण पेशंट तोंड उघडं ठेवून किती दिवस बसणार? सोमवारी या, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आता सगळं अडलं होतं पाळणाघरावर.

पाळणाघर समोरच्याच इमारतीत, तळमजल्यावर. चालवणाऱ्या बाई उंच, करारी, चष्मा साखळीला बांधलेला. तिथे दोन खोल्या होत्या: एक पाळण्यांची, एक रांगणाऱ्यांची. पाळण्यांच्या खोलीत पाळणा रिकामा नव्हता आणि पुढचे कित्येक महिने होणार नव्हता. रांगणाऱ्यांच्या खोलीत एक जागा होती. एकच.

"रांगतं ना मूल?" बाईंनी विचारलं.

"हो तर! भरपूर!"

बाईंनी निळी सतरंजी अंथरली, चार हातांवर लाल सतरंजी अंथरली. गुंडीला निळ्यावर ठेवलं, लालवर एक पिवळा चेंडू ठेवला. नियम साधा होता. मुलानं आपलं आपण निळ्यावरून लालवर जायचं. म्हणजे मग कळतं की हाक मारली तर ते येईल, आणि सांभाळणाऱ्या ताईला मुलं गोळा करत फिरावं लागणार नाही.

गुंडीनं चेंडूकडे पाहिलं. तिचे डोळे चमकले. ती निघाली, आणि थेट चपलांच्या रॅकखाली गेली.

दुसऱ्या वेळी ती पाण्याच्या पिंपामागे सापडली. तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतः वाट अडवून धरली, तर ती दुसऱ्या बाजूनं गेली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवरून उतरवला. "मूल छान आहे. पण साइडवेज जातं. आमच्याकडे फॉरवर्ड लागतं." मग जरा मवाळ होऊन, "शनिवारी बारापर्यंत परत आणा. त्यानंतर जागा पुढच्या बाळाला द्यावी लागेल. ते कधीचं फॉरवर्ड आहे."

*

'साइडवेज' हा शब्द घेऊन गुंडीची आई घरी आली. असा शब्द घरात आला की तो सगळ्यांच्या पायात येतो.

"साइडवेज म्हणजे?" आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे गुंडीचे आजोबा, रस्ते खात्यातून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी कागदावर रस्ते आखले होते आणि दुसऱ्यांनी ते दुसरीकडून नेले होते.

"म्हणजे आडवं जातं, आप्पा."

"माझी नात आडवी जात नाही!"

"वाकडं म्हणू या का?" बाबा म्हणाला.

"तोंड सांभाळ!"

तंटा मिटेना, म्हणून मास्तरांना विचारायचं ठरलं. मास्तर पहिल्या मजल्यावर राहत. नोकरीत असताना इंग्रजी शिकवायचे, आता इमारतीचे सेक्रेटरी होते, पण दोन्ही कामं ते एकाच लाल पेननं करत.

"साइडवेज," मास्तर डोळे मिटून म्हणाले. विद्यार्थी मिळाल्याचा आनंद त्यांच्या कानांपर्यंत पसरला होता. "फार निरुपद्रवी शब्द. नीट ऐका. खेकडा चालतो तो साइडवेज. सोफा दारातून नेतो तो साइडवेज. सभेत कुणी मूर्खासारखं बोललं, की आपण शेजारच्याकडे बघतो तेही साइडवेज. आणि माणसाला बढती न देता नुसतं या खुर्चीतून त्या खुर्चीत हलवतात, ती बदलीसुद्धा साइडवेजच."

आप्पांना खोकला आला. रस्ते खात्यात त्यांच्या सगळ्या बदल्या याच जातीच्या होत्या.

"पण त्यात दोष नाही हं," मास्तर गुंडीच्या आईकडे वळून म्हणाले. "नुसती दिशा आहे. वर, खाली, पुढे, मागे, तशी साइडवेज."

जिना चढताना ती हेच घोळवत होती. खरंच की. आपल्याकडे सरळ सोडून जायला जेवढे शब्द, त्या प्रत्येकाच्या हातात छडी. कुणी आडवं बोलतं, कुणी आडवं येतं. पाऊल वाकडं पडतं. बोलणं तिरकस असतं. एवढ्या मोठ्या भाषेत माझ्या लेकीला न रागावता बाजूला जाता येईल असा एक शब्द असू नये? तिनं कडेवरच्या गुंडीकडे पाहिलं. गुंडी जिन्याच्या कठड्याकडे, म्हणजे बाजूला, बघत होती.

"गुंडे," ती तिच्या कानात म्हणाली, "मला तू कशीही चाललीस तरी चालेल. पण शनिवारी एकदाच सरळ जा. आईचं टेबल जाईल गं."

गुंडीनं तिच्या कानाचा चावा घेतला. दात एकच होता, पण लॅबमध्ये कुणालाही जमणार नाही इतका धारदार.

*

मग गुंडीला सरळ करण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

समोरच्या काकूंनी पहिलं भाकीत केलं. "काही होत नाही गं. माझ्या बहिणीच्या जावेचा मुलगा मागे मागे जायचा. आता परदेशात आहे."

"मग पुढे कसा गेला तो?"

"विमानानं," काकू म्हणाल्या.

औषधांच्या दुकानदारानं एक बाटली दिली आणि 'आधी हलवा' असं बजावलं. बाटली की मूल, हे सांगितलं नाही. बाबाच्या ऑफिसातल्या मित्रानं आरसा लावायचा सल्ला दिला. आरशात गुंडीला दुसरं मूल दिसलं, तिनं त्याला खेळायला बोलावलं, आणि दोघीही बाजूला निघून गेल्या.

शेवटी आप्पांनी सूत्रं हातात घेतली. "हा बालसंगोपनाचा प्रश्न नाही, रस्त्याचा आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना कठडा नसेल तर वाहन बाहेर जाणारच." त्यांनी फूटपट्टी काढली, आराखडा काढला, आणि घरातल्या सगळ्या उशा, तक्के आणि दोन सुटकेस यांचा एक सरळसोट मार्ग तयार करायचा ठरवला.

घरात जागा नव्हती. का नव्हती हे पुढे येईलच. तेव्हा कुणी त्याचा विचार केला नाही, कारण ती इतकी वर्षं नव्हती की तिचं नसणं कुणाला दिसतच नव्हतं. मार्ग दाराबाहेर, दोन फ्लॅटांच्या मधल्या बोळात आखला. दहा मिनिटांत मास्तर वर आले. आता ते इंग्रजीचे मास्तर नव्हते, सेक्रेटरी होते.

"सामाईक जागेत बांधकाम?"

"उशा आहेत हो, मास्तर."

"अर्ज लागेल."

अर्ज केला. तो लाल होऊन परत आला. 'रांगण्याचा सराव' यातला 'सराव' मोघम आहे, असा शेरा होता. दुसऱ्या अर्जाला सामाईक जागेच्या वापराचा छापील कागद जोडायचा होता, आणि त्यात वाहनाचा प्रकार विचारला होता. बाबानं 'चार हातापायी' असं लिहिलं. मास्तरांनी चाकांची संख्या शून्य अशी दुरुस्ती करून परवानगी दिली, सायंकाळी पाच ते सहा, हॉर्न न वाजवण्याच्या अटीवर.

गुंडीला उशांच्या रस्त्यावर ठेवलं. तिनं डावीकडे उशी पाहिली. उजवीकडे उशी पाहिली. मग ती शांतपणे बसली आणि सुटकेसचा पट्टा चघळू लागली.

"तिला कळत नाहीये. दाखवायला हवं," बाबा म्हणाला, आणि ऑफिसच्या पँटीत गुडघ्यांवर बसून रांगू लागला. नेमकी त्याच वेळी लिफ्ट उघडली. आतून काकूंकडे आलेले पाहुणे उतरले. नवरा, बायको आणि लग्नाची मुलगी. बाबा त्यांच्या पायांपाशी थांबला, मान वर करून म्हणाला, "या ना," आणि उठायला गेला. पँट मात्र उठली नाही. ती मागच्या शिवणीवर थांबली.

पाहुणे काकूंच्या घरात शिरले. आतून ऐकू आलं, "नाही नाही, ते समोरचे. आमचे नाहीत."

"असं नसतं रांगणं!" आप्पा कडाडले. "कोपर बाहेर जातंय तुझं. सरक." आणि ते स्वतः खाली वाकले. गुडघे टेकले. हात टेकले. दोन पावलं, म्हणजे चार, अत्यंत सरळ रेषेत गेले. मग एक 'कट' असा आवाज आला आणि आप्पा तिथेच थांबले.

"आप्पा?"

"मी ठीक आहे," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "फक्त मला कुणी हलवू नका."

गुंडी त्यांच्या बाजूला सरकत आली आणि त्यांच्या पोटाखाली जाऊन बसली. तिला आप्पांचं टेबल झालेलं फार आवडलं.

*

आप्पांना तशाच आकारात उचलून आतल्या खोलीत नेलं. डॉक्टर आले. डॉक्टर अंगानं भरभक्कम, स्वभावानं मिस्कील. बाहेरच्या खोलीत पाय टाकताच ते म्हणाले, "पेशंट कुठे?" आणि आतल्या दाराकडे निघाले, आणि थबकले.

आता ते टेबल सांगायला हवं.

बाहेरच्या खोलीत एक टेबल होतं. बारा माणसांचं. रस्ते खात्याची जुनी कचेरी मोडली तेव्हा तिथलं बैठकीचं टेबल लिलावात निघालं, आणि निवृत्त होताना आप्पांनी ते घेतलं. खिडकीला जाळी नव्हती तेव्हा दोर लावून खिडकीतून आत घेतलं, मग जाळी बसवली. जाड शिसवी, कोरीव पाय, आणि खाली पाय टेकवायला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लाकडी दांडी. खोलीत टेबल होतं असं म्हणण्यापेक्षा टेबलाभोवती थोडीशी खोली होती. भिंत आणि टेबल यांच्यामधून आत जायला एवढीशी फट. घरातली माणसं तिथे आली की नकळत वळत, पोट आत घेत, पाठ भिंतीला लावत आणि सरकत सरकत पलीकडे जात. हातात चहाचा ट्रे असो, बादली असो, की गुंडी.

डॉक्टर वळले. बॅग डोक्यावर घेतली, श्वास रोखला आणि सरकू लागले. त्यांच्यामागे बाबा सरकला. त्याच्यामागे गुंडीची आई, गरम पाण्याची पिशवी घेऊन. त्यांच्यामागे खबर काढायला आलेल्या काकू. आणि सगळ्यांच्या शेवटी, जमिनीवरून, तोंड टेबलाकडे करून, गुंडी.

डॉक्टर पलीकडे पोचले आणि मागे बघून मिशीतल्या मिशीत हसू लागले. "काय हो," ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळे असेच चालतात?"

"असेच म्हणजे?" बाबानं सरकता सरकता विचारलं.

गुंडीच्या आईनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग खाली गुंडीकडे. तिच्या हातातली पिशवी तिथेच थांबली.

दहा महिने. दहा महिने ती या पोरीला कडेवर घेऊन या फटीतून ये-जा करत होती. दूध गरम करायला आडवी, झोपवायला आडवी, दाराची बेल वाजली की आडवी. गुंडीनं या घरात सरळ चालणारं माणूस पाहिलेलंच नव्हतं. बिचारीनं डोळे उघडले, माणसं कशी जातात ते नीट बघून घेतलं, आणि तिला पाय फुटले तशी ती तशीच निघाली. शहाणी, आज्ञाधारक पोर!

"टेबल," गुंडीची आई म्हणाली.

आतल्या खोलीतून, पलंगावर आडव्या पडलेल्या आप्पांचा आवाज आला. "टेबल कुठेही जाणार नाही."

*

शुक्रवार अबोल्यात गेला. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि पाठीमुळे त्यांना दुसरीकडे तोंड करताही येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग नेमका किती आणि पाठ किती हे समजायला मार्ग नव्हता. बाबानं दोनदा विषय काढला आणि दोनदा 'हूं' घेऊन परत आला.

संध्याकाळी ती चहा घेऊन गेली. सरकत.

"आप्पा, मी भांडायला आले नाही."

"सूनबाई, तुला ठाऊक आहे का, त्या टेबलाशी मी किती वर्षं बसलो?" आप्पा भिंतीला म्हणाले. "कोपऱ्यातली खुर्ची माझी. मोठमोठे साहेब बोलायचे. मी आराखडे उलगडायचो आणि गुंडाळायचो. मला कधी कुणी विचारलं नाही, 'तुमचं काय मत?' मी आपला खाली दांडीवर पाय घासत बसायचो. बघ जाऊन, दांडी झिजलीय तिथे. घरी आणल्यावर पहिल्यांदा मधल्या खुर्चीत बसलो मी."

तिनं चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला. तिचंही एक टेबल होतं, आणि त्यावर कुणाचा तरी मनीप्लांट वाढत होता.

तेवढ्यात दारातून गुंडी आली. आजोबांचा आवाज ऐकून निघाली होती, आजोबांकडे टक लावून बघत होती, आणि पलंगापासून दूर दूर कपाटाकडे चालली होती. कपाटाला लागल्यावर तिनं आजोबांकडे हात पसरले आणि ओठ काढला.

आप्पा मोठ्या कष्टानं या कुशीवर वळले. बराच वेळ त्यांनी नातीकडे पाहिलं. मग घसा साफ केला. आवाज आला तो कोपऱ्यातल्या खुर्चीतला नव्हता.

"मूल बरोबर आहे. रस्त्यात अतिक्रमण झालंय," आप्पा म्हणाले. "हटवा."

*

शनिवारी सकाळी हमाल आले. त्यांचा मुकादम टेबलाभोवती एकदा फिरला, म्हणजे सरकला, आणि म्हणाला, "दहा मिनिटांचं काम, ताई."

बेत असा होता की टेबल लवकर बाहेर काढायचं आणि बारापर्यंतचे दोन-तीन तास घरातल्या सगळ्यांनी गुंडीसमोर मोकळ्या खोलीत सरळ चालत राहायचं. काकूंनीही यायचं कबूल केलं होतं.

"सरळ नाही जायचं दारातून," मुकादम म्हणाला. "एका अंगावर घ्या. आडवं."

"साइडवेज," जिन्यातून मास्तरांचा समाधानी आवाज आला. सामान हलवण्याची परवानगी घेतली आहे का हे बघायला ते आले होते.

टेबल एका अंगावर उभं केलं. अर्धं दाराबाहेर गेलं. मग पुढचं टोक काकूंच्या दाराला टेकलं, मागचे पाय आतून चौकटीला अडकले, आणि टेबल थांबलं. ढकललं, घट्ट झालं. ओढलं, आणखी घट्ट झालं. हमाल, काकू आणि मास्तर बाहेर. गुंडी, तिचे आईबाबा आणि पलंगावरचे आप्पा आत.

"मी खालून जाऊन पाय सोडवतो," बाबा म्हणाला, आणि टेबलाची फळी आणि दांडी यांच्या मधून सापटीत शिरला. कमरेपर्यंत गेला. तिथून पुढेही जाईना आणि मागेही.

"अगं," टेबलाच्या पोटातून आवाज आला, "मी थोडा वेळ इथेच आहे."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. साडेअकरा वाजले. गुंडीच्या आईनं फटीतून बाहेर पाहिलं. दांडी आणि चौकट यांच्यात जेमतेम अर्धी-पाऊण वीत जागा. तिचं डोकंसुद्धा जाईना. सोमवार, खिडकीजवळचं टेबल, वाकणारा दिवा, सगळं त्या फटीपलीकडे होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून तिनं नाक जोरात शिंकरलं.

"रडायचं नाही," काकू बाहेरून ओरडल्या. "मी बाईंना घेऊन येते!"

आणि आणल्या. पाळणाघराच्या बाई नियमाच्या पक्क्या होत्या, म्हणून तर आल्या. बारापर्यंत म्हणजे बारापर्यंत, मूल येऊ शकत नसेल तर सतरंज्या येतील. काखेत दोन वळकट्या होत्या. निळी त्यांनी फटीतून आत सरकवली. लाल बोळात अंथरली. चेंडू ठेवला. मग दारातून डोकावणाऱ्या बाबाच्या अर्ध्या भागाकडे बघून त्या म्हणाल्या, "हे मध्ये असायलाच हवेत का?"

"हो," बाबा म्हणाला.

गुंडीला निळ्यावर ठेवलं. आई मागे बसली. हात मांडीखाली दाबून धरले, कारण मदत चालणार नव्हती.

गुंडीनं पाहिलं. सगळी माणसं फटीपलीकडे होती. चेंडू पलीकडे होता. मध्ये ओळखीचं टेबल होतं, पण आज ते अंगावर पडलेलं, आणि त्याची दांडी तिच्या छातीच्या उंचीला आलेली. ती सरकत दांडीपाशी गेली. एक हात वर केला. दांडी झिजून जिथे गुळगुळीत, बारीक झाली होती, नेमकी तिथे तिची मूठ बसली. दुसरा हात. मग बुडाखालून एक पाय निघाला, दुसरा निघाला, आणि गुंडी उभी राहिली.

आत आप्पा पलंगावरून मान ताणून बघत होते. कुणी श्वास घेत नव्हतं; बाबाला तर तो तसाही घेता येत नव्हता.

गुंडीनं पोट आत घेतलं. अगदी घरच्यासारखं! पाठ चौकटीकडे केली, तोंड टेबलाकडे, आणि एक पाऊल बाजूला टाकलं. मग दुसरं त्याच्याजवळ आणलं. परत एक. डॉक्टरांना जिथून श्वास रोखूनही जाता आलं नसतं, तिथून ती गुणगुणत गेली. बाबाच्या तोंडासमोरून जाताना थांबली, वाकून त्याचं नाक पकडून पाहिलं, सोडलं, आणि पुढे निघाली. बाबाला तिची पावलं नाकाच्या उंचीवर दिसत होती. पुढे तो सगळ्यांना सांगत असे की या जगात आपल्या लेकीची पहिली पावलं इतक्या जवळून पाहिलेला बाप दुसरा नाही, आणि त्यासाठी पँटी फाटल्या तर फाटू देत.

चौकट ओलांडली. दांडी संपली. गुंडी बदकन बसली. लाल सतरंजीवर.

बोळात एकदम गलका उठला. हमालांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी मास्तरांना मिठी मारली आणि लगेच सोडली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

टाळ्या हवेतच राहिल्या.

"हे रांगणं नव्हे."

फटीतून दिसणारा गुंडीच्या आईचा एक डोळा मिटला.

"हे चालणं आहे," बाई म्हणाल्या. "आधार धरून, पण चालणं. रांगण्याच्या पुढची पायरी. ते फॉरवर्डवालं बाळ अजून उभंसुद्धा राहत नाही." त्यांनी चष्मा लावला, गुंडीकडे जवळून पाहिलं, आणि साखळी गुंडीच्या मुठीत गेली. "सोमवारी आठला आणा. आणि, साखळी सोड गं बाळ, ते टेबल कुठे चाललंय?"

"विकायला," मुकादम म्हणाला.

"ती दांडी मुलांच्या हाताला बरोबर येते. पाळणाघराला द्याल का?"

बाहेरच्या सगळ्यांनी आत पाहिलं. उत्तर देण्याचा अधिकार कुणाचा याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"आप्पा," गुंडीची आई म्हणाली, "तुमचं काय मत?"

आप्पांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांना ते घाईत संपवायचं नव्हतं.

"मंजूर," आप्पा म्हणाले. "पण एक खुर्ची माझी. मधली."

*

बाबाला साबणाचं पाणी लावून काढलं. टेबलाचे पाय उतरवून ते खाली नेलं. पाय उतरवता येतात हे मुकादमाला शेवटी सुचलं आणि त्यानं ते, जसं काही सुरुवातीपासून त्याच्या मनात होतं, अशा थाटात सांगितलं. मास्तरांनी चौकटीच्या खरचटलेल्या रंगाबद्दल नोटीस दिली, आणि तिच्या मागच्या बाजूला लाल पेननं 'अभिनंदन' असं लिहिलं.

सोमवारी सकाळी बाहेरची खोली मैदानासारखी मोकळी होती. आई, बाबा आणि पाठीला पट्टा बांधलेले आप्पा, तिघंही घाईत होते, आणि तिघंही भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, सरकत सरकत दारापर्यंत गेले. दारात आल्यावर एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटले. कडेवरच्या गुंडीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आठला गुंडी पाळणाघरात गेली. नऊला तिची आई लॅबमध्ये पोचली. खिडकीजवळच्या टेबलावर मनीप्लांट चांगलाच फोफावला होता. शेजारची बाई गोड हसली. "आलीस? अगं, मी उचलणारच होते."

"असू दे की," गुंडीची आई म्हणाली. तिनं पर्स खुर्चीला अडकवली, दिवा लावला, आणि बाटलीला एक बोट लावलं. हळूच, अजिबात न रागावता, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिथून शेजारच्या टेबलावर, तिनं ती सरकवत नेली.

आडवी.